आधी राखणारा माणूस, मग रस्ता : पर्यटनमंत्र्यांना कोकणातून खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले चार आमच्या किनाऱ्यावरचे आहेत : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. त्याआधी २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या नऊ जागांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली आणि एक गोव्यातली. दोन्ही बातम्यांचा आम्हाला मनापासून आनंद झाला. त्याचबरोबर काळजीही लागली, कारण अशा बातमीच्या मागून गावात काय येतं ते आम्ही पाहिलं आहे. रस्ता रुंद होतो, पेव्हर ब्लॉकचा चौथरा होतो, नाव लिहिलेली कमान उभी राहते, आणि मूळ जागेची निगा राखायची वेळ येते तेव्हा ना पैसे उरलेले असतात ना माणूस.

माझं म्हणणं एकच आहे. कोकणातली बघण्यासारखी प्रत्येक जागा आजवर टिकली, ती जवळच्या वाडीतल्या कुणी ना कुणी तिची राखण केली म्हणून. आराखड्यात रस्त्याला, जेटीला, वाहनतळाला तरतूद असते. या माणसाला नसते. ती आपण आधी करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी राजापूर तालुक्यात राहतो, तेव्हा सुरुवात सड्यापासून करतो. खाली खाडी आणि माडांची आगरं, मधल्या उतारावर आंबा-काजू, आणि वर जांभ्या कातळाचा उघडा, सपाट सडा अशी आमच्याकडच्या गावांची रचना आहे. पाहुणा खाली पुळणीवर जातो. सडा त्याला गाडीच्या काचेतून दिसतो तेवढाच, कारण काळपट खडक आणि वाळलेलं गवत याखेरीज तिथे काही नाही असं त्याला वाटतं. सातबाऱ्यावरसुद्धा या जमिनीपुढे बहुतेक वेळा पोटखराब अशीच नोंद असते.

त्या पोटखराब जमिनीवर, कशेळीच्या सड्यात, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे. त्याच्या अंगातच इतर प्राणी, पक्षी, मासे अशी कितीतरी चित्रं आहेत. बारसूला दोन बाजूंना दोन वाघ आणि मधोमध माणूस आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ आणि रुंढे तळीला चौकोनी, नक्षीदार पट आहेत, त्यांचा अर्थ आजही लागलेला नाही. देवाचे गोठणे इथल्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. सड्यांवर गेंडाही कोरलेला सापडतो, आणि आज कोकणात गेंडा नाही. ज्यांनी हे कोरलं त्यांनी तो पाहिला होता. या चित्रांचा नेमका काळ कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ती इसवी सनापूर्वी कित्येक हजार वर्षांची आहेत असं बहुतेकांचं मत आहे. शिवकालीन किल्ले त्यांच्यापुढे अगदी अलीकडचे ठरतात.

मंत्रिमहोदय, आपण भर दुपारी या सड्यावर आलात तर पायाखाली चित्र आहे हेच कळणार नाही. सकाळी ऊन कोवळं असताना किंवा दुपारी चारनंतर यावं लागतं. प्रकाश तिरका पडला की बोटभर खोल खाचेच्या एका काठाची सावली दुसऱ्या काठावर पडते. आधी एक पाय उमटतो, मग पाठीची रेघ, मग सोंड, आणि मग एकदम सगळा हत्ती डोळ्यांपुढे उभा राहतो. कुठे उभं राहायचं, कोणत्या बाजूने पाहायचं, कुठे चप्पल काढायची हे सांगणारा गावातला माणूस बरोबर असेल तरच हे घडतं. तो नसेल तर लोक चित्रावर उभे राहून चित्र शोधतात. फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून कुणी खाचेत खडू भरतो, कुणी दगडाने रेघ ओरबाडतो. अशी ओरबाडलेली रेघ पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

ही चित्रं जगापुढे आली ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले म्हणून. आणि त्यांना जागा दाखवल्या त्या गुराख्यांनी, गवत कापायला जाणाऱ्या बायकांनी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी. सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या जागेला लोक आधीपासून बाहुल्यांचं टेंब म्हणत होते. म्हणजे गावाला ठाऊक होतं, विचारायला कुणी गेलं नव्हतं एवढंच. उक्षीच्या गावकऱ्यांनी तर स्वतः पुढाकार घेऊन आपल्या हत्तीभोवती कठडा बांधून घेतला. कोकण रेल्वेच्या उक्षी स्थानकापासून ही जागा जवळ आहे. आपण कुठल्याही एका ठिकाणी जाणार असाल तर आधी तिथे जा, आणि त्या कामाबद्दल गावकऱ्यांकडूनच ऐका.

सड्याला धोका तीन बाजूंनी आहे. चिरेखाण, जेसीबी आणि प्लॉटिंग. मी जमीनमालकाला दोष देणार नाही. ज्या जमिनीवर भाताचा दाणा पिकत नाही तिला एकदम भाव आला तर माणूस ती विकणारच. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा जे झालं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. प्रकल्प असावा की नसावा हा वाद मी या पत्रात आणत नाही. पण त्या काळात आम्हाला एक गोष्ट लख्ख दिसली. सड्यावर काय काय आहे याची नोंद शासनाच्या महसुली दप्तरात नसेल, तर सडा वाचवायचा म्हटलं तरी कागद कोणता पुढे करायचा?

शिवाय सडा म्हणजे नुसती चित्रं नव्हेत. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर पडलेला पाऊस मुरत मुरत खालच्या पऱ्यांना आणि बावींना पाणी देतो. मृगाच्या पावसानंतर याच खडकावर कोकण दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणच्या कातळाखेरीज जगात कुठेही नाही. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, दवबिंदूसारखी कीटक खाणारी इवलीशी झाडं ओल्या कातळाला चिकटलेली दिसतात. गणपतीला आलेला चाकरमानी हा बहर जाता-येता पाहतो. कास पठारावर झुंबड उडते ती पाहता कोकणातल्या सड्यांची जाहिरात नकोच, असं मला कधी कधी वाटतं. पण न दाखवता वाचवायचे दिवस आता राहिले नाहीत. तेव्हा दाखवायचं ते जपून, इतकंच आपल्या हातात आहे.

जपून दाखवणं म्हणजे काय हे पाहायचं असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि पहिल्यापासून गावातल्या तरुणांना बरोबर घेतलं. त्याआधी अंडी चोरीला जायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरून खायची. आता मादी रात्री वाळूत अंडी घालून समुद्रात परतली की गस्तीवरचा माणूस तिच्या पावलांच्या मागावरून घरटं शोधतो. कोपरापर्यंत हात घालून एक एक अंडं वर काढतो आणि जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा, तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतो. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलून पाहायची, पिल्लं मोजायची, आणि पाण्यापासून थोड्या अंतरावर ओल्या वाळूत सोडायची. ती आपल्या पायांनी चालत जातात. माणसं दोरीच्या मागे उभी असतात, आणि एवढ्या गर्दीतही कुणाला ओरडून सांगावं लागत नाही.

वेळासला मोठं हॉटेल उभारलं नाही म्हणून कासवांचं काही अडलं नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आमटी-भात, सोलकढी, उकडीचे मोदक खातात, पैसे त्या घरात राहतात. आता किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत वन विभाग आणि गावकरी मिळून हे काम करतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर येतं ही विज्ञानाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट! ती कळली, कारण रात्री किनाऱ्यावर लक्ष ठेवणारा माणूस होता आणि त्याच्या नजरेला टॅग पडला. त्या माणसाला वर्षातले काही महिने मानधन मिळतं. उरलेल्या महिन्यांत त्याने काय करायचं, हा प्रश्न आपल्या खात्याने सोडवण्यासारखा आहे.

आता किल्ल्यांकडे येतो. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सुरू झालं. चहूकडे खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि त्यांच्या आधाराने किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. शिवराजेश्वर मंदिरातली पूजा चुकत नाही. किल्ला पाहायला येणारे या कुटुंबांकडे किल्ल्याबरोबर दिसलेलं एक दृश्य म्हणून पाहतात. मला तर वाटतं, जागतिक वारशाच्या नकाशावर नाव गेल्यावर पहिला सत्कार त्या कुटुंबांचा व्हायला हवा होता. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंद असतात, तेव्हा दर्या उसळत असताना किल्ल्यात दिवा लागतो तो त्यांच्यामुळे.

मुरूडच्या जंजिऱ्यावर सुट्टीच्या दिवशी शिडाच्या होडीत बसायला रांग लागते. समोरच शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग आहे, तिथे फार थोडे जातात. पण तिथली एक गोष्ट प्रत्येक स्थापत्याच्या विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहायला हवी. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तटाचे दगड हातभर आत झिजले आहेत आणि दोन दगडांच्या मधला चुना मात्र जसाच्या तसा उभा आहे. सगळी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. दगड हरला आणि चुना टिकला! हा चुना कसा मळला, त्यात काय घातलं, हे शोधून तेच तंत्र वापरून डागडुजी करणारे गवंडी आपल्याकडे तयार व्हायला हवेत. काही वर्षांपूर्वी विजयदुर्गाच्या तटाचा भाग पावसात ढासळला होता. तिथे सिमेंट थापून चालणार नाही, हे सांगायला पुरातत्त्वाचा अधिकारी आठवड्यातून एकदा येऊन भागत नाही. चुन्याचं काम येणारा गवंडी त्या गावात राहणाराच असावा.

सिमेंटची गोष्ट निघाली म्हणून देवळांबद्दल लिहितो, कारण इथलं नुकसान रोजचं आहे आणि ते कोणत्याही यादीत येत नाही. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ पाहा. सूर्याची मूर्ती, शिलाहार राजा भोज याच्या काळातला ताम्रपट, उतरतं छप्पर, कोरीव लाकूडकाम. जवळच आडिवऱ्याची महाकाली. कुडाळकडे वालावलला तळ्याकाठी लक्ष्मीनारायण. अशी देवळं अजून आहेत. पण गावोगाव जीर्णोद्धाराच्या नावाखाली लाकडी खांब उतरवले जात आहेत, स्लॅब पडतो आहे, फरशी आणि ऑइलपेंट येतो आहे. देवळापर्यंत जाणारी जांभ्याची पाखाडी उखडून काँक्रीट ओतलं जातं. पाखाडीच्या चिऱ्यांमधून पाणी झिरपून जायचं, पाय घसरत नसे. काँक्रीटवर दोन पावसाळ्यांत शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं पडतात. यात गावकऱ्यांचा वाईट हेतू मुळीच नाही. श्रद्धेने वर्गणी काढून ते हे करतात. लाकडाचं काम करणारा सुतार मिळत नाही, आणि मिळाला तर परवडत नाही. आपल्या खात्याने देवळाला देणगी देण्याऐवजी असे सुतार शिकवून तयार केले तर जुनं लाकूड वाचेल.

उत्तरेकडे रायगड जिल्ह्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मुंबईला जवळ असल्याने तिथे लोक तसेही जातात. पण चौलच्या वाटेवर कोर्लईला किल्ला पाहून परत फिरणाऱ्यांना सांगा की पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. ती जगात तेवढ्या एका गावात आहे. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल लोकांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते, आणि तिथलं स्मारक पाहायला इस्रायलमध्ये स्थायिक झालेली मराठी बोलणारी माणसं अजून येतात. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला नदीकाठच्या २९ लेण्यांत बौद्धांपासून नाथपंथापर्यंतचा सगळा प्रवास एका रांगेत चालत पाहता येतो, आणि कित्येकदा तिथे दुसरा पर्यटक नसतो.

तळकोकणात मात्र थांबावं लागेल. मालवणच्या समुद्रातलं अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. तिथल्या प्रवाळावर पाय देऊन उभं राहू नका एवढंही अनेक पाहुण्यांना कुणी सांगत नाही, आणि वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ एका टाचेखाली मोडतं. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत महिला बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवत कांदळवनातून फिरवून आणतात. कोणतं झाड श्वास कुठून घेतं, चिपीला फूल कधी येतं, कालवं कुठे सापडतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पिंगुळीला ठाकर समाजाच्या कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची जुनी चित्रं जपली. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की देवळापुढच्या मांडावर दशावतार रात्रभर रंगतो. हातात लिहिलेली संहिता नसते. राजा आणि संकासुर समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे संवाद रचतात, पहाटे नट रंग पुसून पुढच्या गावच्या जत्रेकडे निघतो. हा खेळ शहरातल्या महोत्सवात अर्ध्या तासात बसवून दाखवला तर पाहणाऱ्याच्या हाती काय लागणार? पाहुण्यालाच जत्रेत आणा. त्यासाठी जत्रांचं वेळापत्रक महिनाभर आधी छापून एस.टी. स्थानकांवर लावलं तरी पुरे.

माझ्या मागण्या फार नाहीत, आणि खर्चिकही नाहीत. कातळशिल्पं असलेल्या प्रत्येक सड्याची नोंद महसूल खात्याकडून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करून घ्यावी, म्हणजे चिरेखाणीचा परवाना देताना तहसीलदाराला ती समोर दिसेल. ज्यांची जमीन आहे त्यांना ती न विकता, न खणता ठेवल्याबद्दल दरवर्षी ठरावीक मोबदला मिळावा. प्रत्येक जागेमागे त्याच गावातले दोन-तीन राखणदार नेमावेत, बारमाही मानधनावर, आणि त्यात बायांना पहिली संधी असावी. त्यांना पुरातत्त्व, कासवं, प्रवाळ, चुनाकाम यांपैकी त्या जागेला लागेल ते शिक्षण द्यावं. किती माणसं एका वेळी आत सोडायची आणि कधी जागा बंद ठेवायची, हे त्यांनी ग्रामसभेत ठरवावं आणि आपल्या खात्याने ते मान्य करावं. गोव्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी फणसायमळला तशीच चित्रं आहेत, आणि ती आमच्या आठ जागांबरोबर एकाच प्रस्तावात आहेत. तेव्हा गोवा सरकारबरोबर बसून एकच नियमावली करावी.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतं आहे. तो झाला की आज चार तास लागतात तिथे दीड तासात गाड्या पोहोचतील, आणि त्या गाड्या सड्यांवरूनच जातील. राखणदारांची नेमणूक आणि सातबाऱ्यावरची नोंद त्याआधी व्हायला हवी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांना यासाठी आपलं एक पत्र पुरेल. भाद्रपदात सडा फुललेला असताना आपण कशेळीला यावं, अधिकाऱ्यांचा ताफा खाली ठेवून संध्याकाळी चारनंतर गावातल्या माणसाबरोबर वर चालत जावं, आणि ते पत्र तिथून परतल्यावर काढावं, अशी माझी विनंती आहे.

आपला,
राजापूर तालुक्यातील एक रहिवासी